पियानोवरचं लाल फूल

अर्जेंटिनातले कलावंत मंचावर पाऊल ठेवण्याआधी एक जप करतात. "पुग्लिएसे, पुग्लिएसे, पुग्लिएसे." तीनदा, मनात किंवा पुटपुटत. गिटार वाजवणारा रॉक गायक असो, नाटकातला नट असो की ध्वनियंत्रणा सांभाळणारा तंत्रज्ञ असो, ऐन वेळी माइक बंद पडू नये, तार तुटू नये, वीज जाऊ नये म्हणून हे नाव घ्यायचं. पनवतीला तिकडे 'मुफा' म्हणतात आणि मुफावर उतारा म्हणजे पुग्लिएसे. चार्ली गार्सिया या रॉक गायकाच्या एका कार्यक्रमाआधी ध्वनियंत्रणा काही केल्या चालेना, कुणीतरी तपासणीसाठी पुग्लिएसेची तबकडी लावली आणि सगळं सुरळीत झालं, अशी या श्रद्धेच्या जन्माची कथा तिथले संगीतकार एकमेकांना सांगतात. आपल्याकडे पाकिटात साईबाबांचा फोटो असतो, तशी 'संत पुग्लिएसे'ची छोटी चित्रंही तिथे मिळतात. चित्रात जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक साधासा म्हातारा दिसतो.

गंमत अशी की हा संत जन्मभर कम्युनिस्ट होता. चमत्कारांशी त्याचा संबंध नव्हता. तो टँगो रचायचा, पियानो वाजवायचा, वाद्यवृंद चालवायचा आणि अधूनमधून तुरुंगात जायचा.

टँगो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातलं दृश्य येतं: काळा सूट, लाल झगा, दातांत गुलाब. ब्यूनोस आयर्सच्या टँगोशी त्या चित्राचं नातं फार थोडं आहे. हे संगीत जन्मलं १९व्या शतकाच्या अखेरीस, ला प्लाता नदीच्या मुखाशी असलेल्या ब्यूनोस आयर्स आणि मोंतेविदेओ या दोन बंदरांत. इटली-स्पेनहून बोटी भरभरून आलेले गरीब स्थलांतरित, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज आणि गावाकडची शेतीभाती, गुरंढोरं सोडून शहरात आलेले स्थानिक एकाच चाळवजा वाड्यात दाटीवाटीनं राहू लागले. क्यूबाची हाबानेरा, आफ्रिकी कांदोम्बेचे ठेके, गावाकडची मिलोंगा आणि इटालियन गळ्याची आर्तता यांच्या मिसळणीतून टँगो आला.

ओस्वाल्दो पुग्लिएसे जन्मला २ डिसेंबर १९०५ रोजी, याच शहराच्या विया क्रेस्पो या कामगार वस्तीत. ही वस्ती पादत्राणांच्या एका मोठ्या कारखान्याभोवती वाढलेली. त्याचे वडील अदोल्फो हेही चांभारकामातलेच. पण कामावरून आले की बासरी घेऊन टँगोच्या चौकडीत वाजवायला बसायचे. टँगोच्या सुरुवातीच्या काळात बासरीला मान होता. दोन्ही थोरले भाऊ व्हायोलिन वाजवायचे. ओस्वाल्दोच्याही हाती आधी व्हायोलिनच आलं, पण तो रमला पियानोत. वस्तीतल्याच एका संगीतशाळेत शिकला आणि वयाच्या पंधराव्या वर्षी एका कॅफेत पैसे घेऊन वाजवू लागला. त्या कॅफेला गिऱ्हाइकांनी 'ला चांचा', म्हणजे 'डुकरीण', असं नाव ठेवलं होतं, कारण मालकाचं आणि स्वच्छतेचं वाकडं होतं. पुढे पाकिता बेर्नार्दो या पहिल्या व्यावसायिक बांदोनेऑनवादक बाईच्या संचात त्यानं पियानो वाजवला. मूकपट चालू असताना पडद्याखाली बसून साथ केली. ज्याला आपण 'उमेदवारी' म्हणतो, ती अशी झाली.

बांदोनेऑन या वाद्याची ओळख इथेच करून घ्यायला हवी, कारण त्याच्याशिवाय टँगो समजत नाही. आपल्या पेटीची ही चुलत बहीण. दोन्हींत भाता हवा ढकलतो आणि धातूच्या पातळ पट्ट्या थरथरून सूर निघतो. फरक असा की पेटी जमिनीवर बसते, तर बांदोनेऑन मांडीवर आडवं ठेवून दोन्ही हातांनी उघडायचं-मिटायचं असतं. १८४०च्या दशकात जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइन्रिश बांड याच्या नावानं ते ओळखलं जाऊ लागलं आणि स्थलांतरितांच्या सामानातून अर्जेंटिनात पोचलं. तिथे रूढ झालेल्या प्रकाराला ७१ बटणं असतात, आणि त्यांतल्या बहुतेक बटणांतून भाता उघडताना एक स्वर निघतो, मिटताना दुसरा. म्हणजे बोटांच्या चार वेगळ्या जागा पाठ करायच्या: उजवा हात उघडताना, मिटताना, डावा हात उघडताना, मिटताना. शिकणाऱ्याला रडवणारं हे वाद्य बासरीची जागा घेऊन बसलं आणि टँगोचा चेहराच बदलला. बासरीच्या काळातला खेळकर, उड्या मारणारा टँगो हळूहळू संथ, जड आणि विचारात पडलेला झाला.

या बदलाला दिशा दिली व्हायोलिनवादक हूलिओ दे कारो यानं. १९२४च्या सुमारास त्यानं सहा वादकांचा संच बांधला: दोन बांदोनेऑन, दोन व्हायोलिन, पियानो आणि कॉन्ट्राबास. कॅफेत ऐकून-ऐकून वाजवण्याऐवजी लिहून ठेवलेली मांडणी, प्रत्येक वाद्याला वेगळा धागा, सुरावटीच्या मागे दुसरी सुरावट, ही त्याची देणगी. आणि या नव्या घराण्याच्या संचाला १९२६ साली ध्वनिमुद्रणासाठी जी रचना मिळाली, तिचं नाव होतं 'रेकुएर्दो', म्हणजे 'आठवण'. छापील स्वरलिपीवर रचनाकार म्हणून नाव होतं अदोल्फो पुग्लिएसे यांचं. खरी रचना होती त्यांच्या धाकट्या मुलाची, आणि ती त्यानं केली तेव्हा तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. टँगोचे जाणकार आजही 'रेकुएर्दो'ला आधुनिक टँगोच्या पहिल्या रचनांत धरतात. तिची चाल गळ्यात बसते, पण ती केवळ चाल नाही. प्रत्येक भाग आधीच्या भागातून निघतो आणि शेवटी बांदोनेऑनच्या झपाट्याच्या स्वरांत सगळं सुटं होऊन उधळतं.

इतक्या लवकर यश आल्यावर पुढची वाट सोपी व्हायला हवी होती. पण झाली नाही. १९२९ साली त्यानं एल्विनो वार्दारो या व्हायोलिनवादकाबरोबर संच काढला. वादक एकापेक्षा एक होते. पुढे महान झालेला आनिबाल त्रोइलो हा कोवळा पोरगाही काही काळ त्यात होता. संगीत काळाच्या पुढचं होतं आणि खिसे रिकामे. देशभरचा दौरा फसला, एकही तबकडी निघाली नाही, संच मोडला. त्याच सुमारास बोलपट आले आणि मूकपटांच्या पडद्याखाली बसणारे वादक बेकार झाले. जगभर मंदी होती. हातात कला आणि पोटात भूक असलेले कितीतरी वादक पुग्लिएसेनं जवळून पाहिले. १९३५च्या सुमारास वादकांची कामगार संघटना उभी करण्यात त्यानं पुढाकार घेतला आणि १९३६ साली, स्पेनमध्ये यादवी पेटली त्या वर्षी, तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. पक्षाचं सभासदत्व त्यानं मरेपर्यंत सोडलं नाही.

११ ऑगस्ट १९३९ रोजी कोर्रिएंतेस रस्त्यावरच्या 'नासिओनाल' कॅफेत त्याचा स्वतःचा वाद्यवृंद पहिल्यांदा वाजला. टँगोच्या सुवर्णकाळाचे ते दिवस. रेडिओ, कॅफे, क्लब, नाचाचे जलसे, सगळीकडे टँगो. हुआन दारिएन्सो आपल्या चपळ, ठसठशीत ठेक्यानं नाचणाऱ्यांना वेड लावत होता. कार्लोस दी सार्ली रेशमासारखा वाहत होता. या गर्दीत पुग्लिएसेचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं, आणि माझ्या मते त्या दोन गोष्टी मुळात एकच होत्या.

पहिली गोष्ट हिशेबाची. त्या काळी बहुतेक संचांत म्होरक्या हा मालक आणि वादक त्याचे पगारी नोकर. पुग्लिएसेनं आपला वाद्यवृंद सहकारी तत्त्वावर चालवला. प्रत्येकाला गुण ठरलेले असत: किती वर्षं संचात आहे, वाजवण्यातली जबाबदारी काय, वेळेवर येतो का, वाद्यमेळाची मांडणी लिहून देतो का. जी मिळकत होईल ती या गुणांच्या प्रमाणात वाटली जायची. पुग्लिएसेलाही त्याच्या गुणांप्रमाणेच वाटा मिळायचा. सहकाराचं नाव घेतलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो. इथे तेच सूत्र तालमीच्या खोलीत होतं.

याचा परिणाम सरळ संगीतावर झाला. मांडणी लिहिली तर गुण मिळणार आणि रचना केली तर ती वाजणार, म्हटल्यावर वादक नुसते वादक उरले नाहीत. बांदोनेऑनवादक ओस्वाल्दो रुजिएरो, होर्हे काल्दारा, मारिओ देमार्को, व्हायोलिनवादक एमिलिओ बाल्कार्से, पुढे हुलिआन प्लासा, असे कितीतरी जण याच संचात रचनाकार म्हणून घडले. काल्दाराची 'पातेतिको', देमार्कोची 'पाता आंचा', बाल्कार्सेची 'ला बोर्दोना' या रचना संचातल्या माणसांनी संचासाठीच केल्यासारख्या वाटतात. कुणाच्या हातात काय शोभतं, हे लिहिणाऱ्याला रोजच्या सहवासातून ठाऊक असायचं. तरीही ऐकताना पहिल्या चार मात्रांत कळतं की हा पुग्लिएसेचा वाद्यवृंद आहे.

तो कशावरून कळतो, ही दुसरी गोष्ट. ती ऐकायची तर 'ला युम्बा'च ऐकावी.

टँगोच्या वाद्यवृंदात तालवाद्य नसतं. ना ढोल, ना तबल्यासारखं काही. ठेका धरायचा तो पियानोनं, कॉन्ट्राबासनं आणि बांदोनेऑनच्या भात्यानं. १९४६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'ला युम्बा'चं नाव हा खरं तर एक बोल आहे, तबल्याला 'धा' आणि 'तिं' असतात तसा. ठेका तोंडानं म्हणून दाखवला की असा वाटतो: 'यूम-बा, यूम-बा'. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर सगळा वाद्यवृंद अंगावर आल्यासारखा कोसळतो. हा 'यूम'. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पियानोच्या अगदी डाव्या टोकाला, सर्वांत खालच्या तारांवर, एक खोल, बोदा धप्पा पडतो. तो 'बा'. आपल्या भाषेत भरी आणि खाली. (ब्यूनोस आयर्सच्या बोलीत 'य' हा 'झ' किंवा 'श'कडे झुकतो, त्यामुळे तिकडचा माणूस हे नाव 'झुंबा'सारखं उच्चारतो. व्यायामशाळेतल्या झुंबाशी याचा काडीचा संबंध नाही.)

पण नुसत्या भरी-खालीनं ही जादू होत नाही. खरी करामत 'यूम' पडण्याच्या किंचित आधी असते. वाद्यं थेट मात्रेवर उतरत नाहीत. ती आधीपासून स्वर ओढत, घासत आणतात आणि मग मात्रेवर टाकतात. याला 'आर्रास्त्रे' म्हणतात, म्हणजे ओढ. लादलेली बैलगाडी चढावर हलवताना चाक फिरण्याआधी बैलांच्या मानेवर जो ताण दिसतो, तो कानांनी ऐकायचा असेल तर हा आर्रास्त्रे ऐकावा. व्हायोलिनचा गज, बासची तार आणि बांदोनेऑनचा भाता एकाच क्षणी ताणले जातात. एकजण जरी आधी सुटला तर सगळं विस्कटतं.

त्यावर आणखी एक कठीण गोष्ट म्हणजे लय. दारिएन्सोची लय घड्याळासारखी. पुग्लिएसेची लय श्वासासारखी. दहा-बारा माणसं समोर हात हलवणारा संचालक नसताना एकत्र थबकतात, संथ होतात, सुरावट जवळजवळ थांबते, आणि नाचणाऱ्याचा पाय हवेत असतानाच 'यूम' पुन्हा येतो. पियानोवर बसलेला पुग्लिएसे खुणावत असेल तेवढंच. बाकी सगळं कसून केलेल्या तालमींचं आणि एकमेकांच्या श्वासाच्या सवयीचं. यासाठी इतरांच्या वाजवण्यावर कान ठेवणारी माणसं लागतात, आणि आपला वाटा त्यात आहे असं मानणारीही. म्हणूनच हिशेबाची गोष्ट आणि ठेक्याची गोष्ट मला एकच वाटते. वहीत जे गुणांनी वाटून दिलं होतं, ते मात्रेवर ऐकू यायचं.

टँगो नाचणाऱ्यांना याचा अनुभव पायांतून येतो. टँगोचे नाच ज्या मैफलीत होतात तिलाही 'मिलोंगा'च म्हणतात. तिथे तीन-चार रचनांचा एक गट लागतो, त्याला 'तांदा' म्हणतात. एका तांदाभर एकच जोडीदार. पुग्लिएसेची तांदा सहसा संध्याकाळी लवकर लागत नाही. रात्र चढली, अंगं सैल झाली, कोण कुणाबरोबर चांगलं नाचतं हे कळलं, की मग. नवखे तेव्हा बसून घेतात. कारण या संगीतात पाऊल टाकण्याइतकंच पाऊल न टाकणंही यावं लागतं.

'ला युम्बा'नंतर आल्या 'नेग्राचा' आणि 'मालांद्राका'. 'नेग्राचा'तले तिरपे, अनपेक्षित जागी पडणारे आघात ऐकले तर पुढच्या पिढीच्या आस्तोर पियाझोलाचं संगीत कुठून निघालं हे उमगतं. जगाला टँगोचा रचनाकार म्हणून पियाझोला ठाऊक आहे; त्यानं टँगो नाचाच्या फरशीवरून उचलून सभागृहाच्या खुर्चीत बसवला. पुग्लिएसेनं फरशी सोडली नाही. दोन्ही टोकं हातात धरून ठेवण्याचं अवघड काम त्यानं केलं: कान देऊन ऐकण्याजोगं आणि तरीही नाचता येणारं. क्लबातल्या नाचाला गर्दी करणारे विया क्रेस्पोसारख्या वस्त्यांतले कामगार हेच त्याचे श्रोते होते.

हेच कामगार राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉनचेही पाठीराखे होते, आणि पेरॉनच्या सरकारला हा कम्युनिस्ट पियानोवाला नकोसा होता. त्याच्या वाद्यवृंदावर रेडिओची बंदी आली, कार्यक्रम रोखले गेले, त्याला अनेकदा अटक झाली. पेरॉन सत्तेवरून गेल्यावर आलेल्या लष्करी राजवटीतही हा त्रास संपला नाही. टँगोच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध दृश्य याच काळातलं. ठरलेला कार्यक्रम असायचा आणि पुग्लिएसे तुरुंगात. वाद्यवृंद तरीही मंचावर यायचा, आणि पियानोवर एक लाल कार्नेशनचं फूल ठेवलेलं असायचं. कुणी भाषण करायचं नाही, निषेधाचा फलक नाही. फूल पाहिलं की श्रोत्यांना कळायचं की डॉन ओस्वाल्दो कुठे आहेत. मग पहिला 'यूम' पडायचा.

त्या फुलाकडे लोक निष्ठेची खूण म्हणून पाहतात, आणि ती होतीच. पण त्यात एक रोखठोक व्यावहारिक सत्यही होतं. एरवीच्या वाद्यवृंदाचा मालक तुरुंगात गेला असता तर वादकांनी दुसरं काम शोधलं असतं. इथे मालकच नव्हता. मांडण्या अनेकांच्या हातच्या, वाटा प्रत्येकाचा, ठेका सगळ्यांच्या अंगात मुरलेला. सरकारनं पियानोवादकाला उचललं, पण वाद्यवृंद कुणा एकाच्या खिशात नसल्यामुळे तो उचलता येईना.

१९५९ साली वाद्यवृंद सोव्हिएत संघ आणि चीनचा दौरा करून आला, १९६५ साली जपानला गेला. मायदेशात मात्र साठीच्या दशकात तरुण पोरं रॉककडे वळली आणि मोठे संच एकेक करून बंद पडू लागले. १९६८ साली रुजिएरो, बाल्कार्से, प्लासा आणि आणखी काही बिनीचे शिलेदार बाहेर पडले आणि त्यांनी 'सेक्स्तेतो टँगो' हा स्वतःचा संच काढला. कुणी म्हटलं असतं, संपलं. पण त्रेसष्टाव्या वर्षी पुग्लिएसेनं नव्या पोरांना घेऊन पुन्हा तालीम सुरू केली. दानिएल बिनेल्ली, रोदोल्फो मेदेरोस, हुआन होसे मोसालीनी हे पुढे जगभर गाजलेले बांदोनेऑनवादक या दुसऱ्या पिढीतले.

क्लबातल्या नाचांत त्याचे चाहते फार वर्षं एक आरोळी ठोकत: "आल कोलोन!" म्हणजे 'चला कोलोनला!' तेआत्रो कोलोन हे ब्यूनोस आयर्सचं भव्य ऑपेरागृह, उंची श्रोत्यांचं आणि अभिजात संगीताचं. कामगार वस्तीतल्या टँगोवाल्याला तिथे बोलावणं ही कल्पनाच थट्टेची. म्हणूनच आरोळीत मजा होती. २६ डिसेंबर १९८५ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसानंतर तीन आठवड्यांनी, लष्करी हुकूमशाही जाऊन लोकशाही परतल्यावर दोन वर्षांनी, पुग्लिएसे आपला वाद्यवृंद घेऊन कोलोनच्या मंचावर बसला. मखमली खुर्च्यांत त्या रात्री क्लबातली माणसं होती, आणि आरोळी आता सभागृहाच्या आत घुमत होती.

१९८९च्या जूनमध्ये अॅम्स्टरडॅमच्या कारे नाट्यगृहात पुग्लिएसे आणि पियाझोला एका कार्यक्रमात आले. दोघांच्या संचांनी मिळून 'ला युम्बा' आणि पियाझोलाची 'आदिओस नोनिनो' वाजवली. २५ जुलै १९९५ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, पुग्लिएसे गेला.

ब्यूनोस आयर्समध्ये कोर्रिएंतेस रस्त्याच्या पोटातून भुयारी रेल्वेची 'बी' मार्गिका धावते. तिच्यावर विया क्रेस्पोत एक स्थानक आहे, त्याच्या नावात आता पुग्लिएसेचं नाव जोडलेलं आहे: 'मालाबिया–ओस्वाल्दो पुग्लिएसे'. तिथून गाडीत बसलं की याच रस्त्याखालून शहराच्या मध्यात जाता येतं, जिथे कधीकाळी 'नासिओनाल' कॅफे होता.

आणि वर रस्त्यावर, कुठल्यातरी सभागृहाच्या विंगेत, कुणीतरी वायर पुन्हा एकदा तपासून तीनदा त्याचं नाव घेत असतो. एका माणसाच्या नावावर सगळा कार्यक्रम सोपवतो. त्या माणसानं मात्र सगळं आयुष्य असा वाद्यवृंद बांधण्यात घालवलं, जो त्याच्या जागी नुसतं फूल ठेवलं तरी वाजत राहील.